४१ वर्षांचा हेवीवेट आणि अठरा दिवसांवरची लढत : म्हापशातलं एक प्रकरण

मागच्या पावसाळ्यात, चवथीला तीन आठवडे उरले असताना, आमच्या जिममधल्या पैलवानाला एका आयोजकाचा फोन आला. दुसऱ्या राज्यात अठरा दिवसांनी मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा, म्हणजे पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या खेळाचा, कार्यक्रम होता. हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटातला एक जण जायबंदी झाला होता आणि त्याच्या जागी कुणीतरी हवं होतं. समोरचा २६ वर्षांचा, पाच लढती खेळलेला, पाचही जिंकलेला. आमचा पैलवान ४१ वर्षांचा. त्याच्या शेवटच्या तीन लढतींपैकी दोन नॉकआउटने गेलेल्या, आणि त्या दोन नॉकआउटमध्ये अंतर फक्त पाच महिन्यांचं. मानधन त्याच्या नाइट क्लबमधल्या नोकरीच्या साडेतीन महिन्यांच्या पगाराएवढं होतं. त्यातलं अर्धं आगाऊ, म्हणजे चवथीच्या बाजाराआधी हातात पडणारं.

मी म्हापशात फिजिओथेरपी करते. आठवड्यातून दोन संध्याकाळी शहराबाहेरच्या एका शेडमध्ये चालणाऱ्या जिममध्ये जाते. तिथल्या मुलांचे खांदे, गुडघे, पाठी मी बघते. फोन आल्यापासून निर्णय होईपर्यंत अकरा दिवस गेले. त्या दिवसांत काय पाहिलं आणि काय मोजलं ते इथे लिहिते आहे. आणि त्याआधीचं वर्षभर जे मोजायला हवं होतं ते मी मोजलं नाही, तेही लिहिते आहे. पैलवानाने आणि त्याच्या बायकोने हा मजकूर वाचला आहे, दोघांची परवानगी आहे. नाव आणि ओळख पटेल अशा खुणा गाळल्या आहेत.

माती ते पिंजरा

तो मूळचा चंदगड तालुक्यातला. चौदाव्या वर्षी कोल्हापूरच्या तालमीत गेला. पहाटे उठून माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, दूध-बदामाचा खुराक घ्यायचा, संध्याकाळी पुन्हा लढत करायची. दोन्ही कान मोडलेले आहेत, दारातून आत आला की आधी तेच दिसतात. यात्रांच्या मैदानांत त्याने बऱ्याच निकाली कुस्त्या मारल्या, मोठ्या गदेपर्यंत मात्र पोचला नाही. २७व्या वर्षी डाव्या गुडघ्याने साथ सोडली. चंदगडची पुष्कळ माणसं पोटासाठी गोव्यात उतरतात, तसा तोही उतरला. पहिले दोन महिने नदीत वाळू उपसली, मग अंगकाठी बघून कुणीतरी किनारपट्टीवरच्या एका नाइट क्लबच्या दारावर उभं केलं. आजही तो तिथेच आहे.

जिममध्ये आला तेव्हा ३१ वर्षांचा होता. पहिली लढत ३२व्या वर्षी.

इतर वजनगटांत हे वय फार उशिराचं ठरलं असतं, हेवीवेटमध्ये ते चालून जातं. डॅनियल कॉर्मिअर २००४चं ऑलिंपिक खेळलेला कुस्तीगीर. त्याची या खेळातली पहिली लढत २००९ साली, तिशीत झाली आणि यूएफसी या अमेरिकेतल्या संघटनेचा हेवीवेट पट्टा, म्हणजे विजेतेपद, त्याने २०१८ मध्ये, ३९व्या वर्षी जिंकला. फ्रान्सिस न्गानू कॅमेरूनमध्ये लहानपणी वाळूच्या खाणीत राबला, पॅरिसमध्ये बेघर म्हणून राहिला, विशी उलटून बराच काळ गेल्यावर या खेळात आला आणि २०२१ मध्ये ३४व्या वर्षी विजेता झाला. पैलवानाला न्गानू आपल्या घरचा वाटतो. वाळूचं काम काय असतं ते त्याच्या पाठीला माहीत आहे.

नऊ वर्षांत तेरा लढती, आठ विजय. पण या तेरा लढतींत प्रतिस्पर्धी नऊच. एकाशी तो तीनदा लढला, दोघांशी दोन-दोनदा. या एका गोष्टीत अख्ख्या हेवीवेटचं दुखणं आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

फोन का येतो

९३ किलोच्या वर आणि १२०.२ किलोपर्यंत, असा हा गट. आपल्या देशात या वजनात उभं राहून लढणारी, पडल्यावर लढणारी आणि पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या दम टिकवणारी माणसं मी तरी फार पाहिलेली नाहीत. शंभर किलोचा चपळ मुलगा आपल्याकडे मॅटवरच्या कुस्तीत जातो, गोळाफेकीत जातो, नाहीतर पोलीसभरतीची तयारी करतो. अमेरिकेत तोच मुलगा त्यांच्या फुटबॉलमध्ये किंवा बास्केटबॉलमध्ये जातो, कारण तिथे पैसा आधी मिळतो आणि डोक्यात ठोसे खाण्याची अट नसते. उरलेल्यांतून हेवीवेट गट भरायचा. मग जो एकदा आत आला तो बाहेर पडत नाही. तो चांगला असतो हे एक कारण, आणि त्याच्या मागे रांगच नसते हे दुसरं.

सगळ्यांत श्रीमंत संघटनेतही हेच दिसतं. १६ नोव्हेंबर २०२४ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये यूएफसीच्या हेवीवेट पट्ट्यासाठी जॉन जोन्स आणि स्टिपे मिओचिच लढले. जोन्स ३७ वर्षांचा, मिओचिच ४२चा. मिओचिचची त्याआधीची लढत मार्च २०२१ मधली होती, न्गानूने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवलं ती. म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त काळ न लढलेला, शेवटच्या लढतीत बेशुद्ध पडलेला माणूस थेट जगज्जेतेपदासाठी उभा राहिला. तिसऱ्या फेरीत जोन्सने गर्रकन वळून पोटात लाथ घातली आणि लढत संपली. मिओचिचने तिथेच निवृत्ती जाहीर केली. या सगळ्या काळात टॉम ॲस्पिनॉल नावाचा ३१ वर्षांचा इंग्लिश लढवय्या हंगामी पट्टा कमरेला बांधून वाट बघत होता. तो पट्टा त्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंकला होता. पुढे जुलै २०२४ मध्ये मँचेस्टरला कर्टिस ब्लेड्सला मिनिटभरात हरवून तो राखलाही. जोन्सशी त्याची गाठ पडलीच नाही. जून २०२५ मध्ये जोन्स निवृत्त झाला आणि ॲस्पिनॉल न लढता पूर्ण विजेता ठरला.

मिओचिचबद्दल माझ्या मनात आदर आहे. यूएफसीच्या हेवीवेटमध्ये पट्टा सलग तीनदा राखणारा तो पहिला, आणि लढती नसतील तेव्हा अग्निशमन दलात नोकरी करणारा माणूस. पण त्या रात्री त्याला उभं केलं ते त्याच्या नावाने. त्या नावाला पर्याय उभा राहिला नव्हता.

आशियातही तेच. २०१५ पासून वन चॅम्पियनशिप या तिथल्या संघटनेचा हेवीवेट पट्टा ब्रँडन वेराकडे होता. मे २०२१ मध्ये अर्जन सिंग भुल्लरने तो हिसकावला तेव्हा वेरा ४३ वर्षांचा होता. भुल्लर पंजाबी कुटुंबातला, कॅनडात वाढलेला, दिल्लीच्या २०१० राष्ट्रकुल स्पर्धेत कॅनडासाठी कुस्तीचं सुवर्ण जिंकलेला. आमच्या जिममध्ये त्या दिवशी पेढे वाटले होते, आणि ते पैलवानानेच आणले होते.

आता पैलवानाला आलेल्या फोनकडे वळते. फोनवर आयोजक म्हणाला, "पैलवान, तुमच्याशिवाय डोळ्यांसमोर दुसरं नावच नाही." हे शंभर टक्के खरं होतं. मात्र सांगणाऱ्याला त्याचा अर्थ एक ठाऊक होता आणि ऐकणाऱ्याने अर्थ दुसराच घेतला. मागणी आली की माणसाला वाटतं आपल्यात अजून दम आहे. ६१ किलोच्या गटात एखादा ४१व्या वर्षी दोनदा नॉकआउट झाला तर तिसऱ्यांदा फोनच येत नाही. त्याची जागा घ्यायला वीस पोरं उभी असतात. तिथे निवृत्ती आपोआप घडते. हेवीवेटमध्ये ती कुणालातरी ठरवावी लागते.

पट्टी

फोन आला त्याच संध्याकाळी पैलवान माझ्याकडे आला. "ताई, तपासा मला. ताकद हाय अजून. तुम्हीच लिहून द्या."

ताकद खरंच होती. खांद्याची, पाठीची, मांड्यांची मोजमापं तीन वर्षांपूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहिली तर जवळजवळ तीच. उजव्या खांद्याची थोडी कुरकुर सोडली तर अंग तिशीतल्या माणसाचं. सँडबॅगवर त्याने पाच ठोसे मारले तेव्हा शेडचा पत्रा वाजला.

इथे मला माझी चूक सांगायची आहे. पहिल्या नॉकआउटनंतर अडीच महिन्यांनी त्याला सरावाला परत घ्यायचं का, हे कोचने मला विचारलं होतं. मी हीच सगळी मोजमापं घेतली, सगळी चांगली आली, आणि मी होकार दिला. त्यानंतर अडीच महिन्यांनी तो पुन्हा नॉकआउट झाला. मी जे मोजत होते ते हेवीवेटच्या अंगातून सर्वांत शेवटी जातं. फेडोर एमेलियानेंको या रशियन हेवीवेटचं उदाहरण घ्या. जवळपास दहा वर्षं त्याला कुणी हरवू शकलं नाही. जून २०१० मध्ये फाब्रिसियो वेर्दूमने त्याला ६९ सेकंदांत शरण यायला लावलं, आणि नंतरची वर्षं चढउतारांची गेली. तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये मॉस्कोत, ४५व्या वर्षी, त्याने टिम जॉन्सनला पहिल्याच फेरीत आडवा केला. ठोसा तसाच होता. सव्वा वर्षाने, फेब्रुवारी २०२३ मध्ये, रायन बेडरने त्यालाच पहिल्या फेरीत संपवलं. ज्या हाताने माणूस समोरच्याला झोपवू शकतो, तोच माणूस समोरून येणारा हात वेळेवर बघू शकेल याची खात्री नसते.

म्हणून या वेळी मी शाळेची तीस सेंटिमीटरची पट्टी काढली. चाचणी जुनी आणि साधी आहे. पट्टी उभी धरायची, खालच्या टोकाशी त्याचा अंगठा आणि बोट उघडे ठेवायचे, न सांगता सोडायची. तो पकडेपर्यंत ती किती सेंटिमीटर घसरली त्यावरून वेळ कळतो. १८ सेंटिमीटर म्हणजे साधारण ०.१९ सेकंद, २४ म्हणजे ०.२२, २९ म्हणजे ०.२४. पाच वेळा करायचं, सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वेळ सोडून मधल्या तिन्हींची सरासरी घ्यायची. या चाचणीने मेंदूचं निदान होत नाही, हे मी त्यालाही सांगितलं. माणसाची त्याच्याच जुन्या आकड्याशी तुलना होते, एवढंच.

जुना आकडा सुदैवाने होता. तीन वर्षांपूर्वी मुलांच्या हौसेखातर सगळ्यांची पट्टी घेतली होती. पैलवानाचे १८ लिहिलेले होते. आता आले २४. मग कोचला पॅड धरायला लावून तीन मिनिटं ठोसे मारून घेतले आणि लगेच पुन्हा पट्टी सोडली. २९ आले. एकदा तर पट्टी हातातून सुटून खालीच पडली.

०.१९ आणि ०.२४ यांत पाच शतांश सेकंदांचा फरक आहे. मुठीचा वेग सेकंदाला आठ मीटर धरला तर तेवढ्यात ती ४० सेंटिमीटर पुढे येते. दोन लढवय्यांच्या मधलं निम्मं अंतर त्यात संपतं. आणि इथे हातमोजे चार औंसांचे असतात, हेवीवेट मुष्टियुद्धातले दहा औंसांचे. चुकीला गादी नाही.

तो क्लबमध्ये रात्रपाळी करतो, झोप अपुरी असते, त्याचाही परिणाम आकड्यावर होतो. म्हणून दोन दिवसांनी, सुट्टी घेऊन पूर्ण झोपल्यावर, पुन्हा मोजलं. २३ आणि २८. फरक नगण्य.

मग एक प्रश्न उरला. हे आम्हाला सरावात का दिसलं नाही? उत्तर जुन्या व्हिडिओंत सापडलं. जिममध्ये ९५ किलोच्या वरचा दुसरा एकच मुलगा आहे, २२ वर्षांचा. बाकी सगळी पोरं सत्तरच्या आसपास. पैलवान बहुतेक सराव त्यांच्याबरोबर करतो. सत्तर किलोच्या मुलाचा ठोसा लागला तरी तो हलत नाही, हसतो आणि पुढे सरकतो. त्यामुळे ठोसे आता जास्त लागताहेत हे ना त्याला कळलं, ना आम्हाला. कोच आणि मी रात्री बसून मोजले. तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत त्याच्यावर आलेल्या पहिल्या वीस जॅबपैकी (पुढच्या हाताच्या सरळ ठोशांपैकी) सहा लागले होते. गेल्या महिन्यातल्या व्हिडिओत, त्याच मुलाबरोबर, वीसपैकी तेरा. कोच बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी रोज समोर उभा असतो, आणि मला दिसलं नाही."

वजनदार माणसाला सरावासाठी वजनदार माणूस मिळत नाही, ही अडचण सगळीकडे सांगितली जाते. तिची ही दुसरी बाजू मी कुठे ऐकली नव्हती. हलक्या जोडीदारांमुळे म्हातारपण झाकलं जातं.

अकरा दिवस

तिसऱ्या दिवशी पैलवानाची बायको आली. ती स्वतःहून आली, त्याला न सांगता. "ताई, हे दोनदा गॅस चालू ठेवून झोपले. स्कूटर बाजारात लावून चालत घरी आले, म्हणाले चोरीला गेली. आधी कधी पोरीवर आवाज चढवला नव्हता." मी विचारलं, कधीपासून? तिने दुसऱ्या नॉकआउटची तारीख सांगितली नाही, ती म्हणाली, "शिगमो झाल्यावर." हिशेब केला तर तेच निघत होतं.

त्यानंतर मी आग्रह धरला आणि आम्ही न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. एमआरआय निर्दोष आला. पैलवानाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मला बघवत नव्हता, कारण मला पुढचं माहीत होतं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. फोटोत रक्तस्राव दिसतो, सूज दिसते, मार लागून झालेली मोठी इजा दिसते. धक्क्याने पेशींच्या कामात झालेला बिघाड बहुधा दिसत नाही. वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाल्ल्याने होणारा जो सीटीई नावाचा आजार आहे त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. मग त्यांनी त्याला एका रेषेवर टाचेला पंजा लावत चालायला सांगितलं. निम्म्या वयात ज्याने ओल्या मातीत शंभर किलोचा माणूस पाठीवर घेतला होता, तो सहाव्या पावलाला रेषेबाहेर गेला. डॉक्टरांनी लेखी सल्ला दिला : डोक्याला मार लागेल असा सराव सहा महिने बंद, व्यावसायिक लढत पुन्हा नको.

सल्लाच तो. अमेरिकेत नेवाडासारख्या राज्यांत लढतीला परवाना देणारं सरकारी आयोग असतं. नॉकआउटनंतर ते ठरावीक दिवसांची बंदी घालतं आणि ती दुसऱ्या राज्यांतही मानली जाते. आपल्याकडे एकाच्या कार्यक्रमात झालेला नॉकआउट दुसऱ्याच्या कार्यक्रमापर्यंत पोचवणारी अशी सरकारी साखळी नाही. पैलवानाने तो कागद खिशात ठेवला असता आणि एमआरआयचा अहवाल तेवढा पाठवला असता, तर तो लढला असता. आयोजकाने नेमकं तेच विचारलं, "एमआरआय नॉर्मल आहे ना? मग झालं." त्याने व्हिडिओही पाठवला. जुलै २०२५ मध्ये नॅशव्हिलला ४० वर्षांच्या डेरिक लुईसने तोवर अपराजित असलेल्या टॅलिसन टेशेराला ३५ सेकंदांत हरवलं, तो. यूएफसीच्या इतिहासात सर्वाधिक नॉकआउट लुईसच्या नावावर आहेत. पैलवानाने तो व्हिडिओ मला चार वेळा दाखवला.

रँडी कूटूरचं नावही त्याने काढलं, ते निघणारच होतं. मार्च २००७ मध्ये ४३ वर्षांच्या कूटूरने निवृत्तीतून परत येऊन टिम सिल्व्हियाकडून हेवीवेट पट्टा काढून घेतला होता. "त्योबी कुस्तीगीरच की, ताई." खरं आहे, आणि ती लढत मीही पाहिली आहे. तो पाच फेऱ्या आत घुसत राहिला, उंचपुऱ्या सिल्व्हियाला पाडत राहिला. पण कूटूरजवळ तयारीला वेळ होता, आणि त्याला बरोबरीचे कुस्तीगीर सरावाला होते. पैलवानाजवळ अठरा दिवस होते, आणि त्यातले आता अकराच उरले होते.

याच सुमारास क्लबमधल्या कुणीतरी त्याला इंजेक्शनचा मार्ग सुचवला. टेस्टोस्टेरॉन. वय झालेल्या लढवय्यांना डॉक्टरी चिठ्ठीवर ते घ्यायची मुभा अमेरिकेत काही काळ होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेवाडाच्या आयोगाने ती बंद केली. मी त्याला एवढंच विचारलं, "त्याने दंड भरेल. पट्टी लवकर पकडता येईल का?" तो गप्प बसला. पुढे तो विषय त्याने काढला नाही.

पैशाचा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पावसाळ्यात किनारपट्टीवर धंदा नसतो, क्लब आठवड्यातले चारच दिवस कामावर बोलावतो. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. शिवाय दारावरची त्याची किंमत "फायटर" म्हणून होती. क्लबचा मालक गिऱ्हाइकांना त्याची ओळख तशीच करून देतो. लढत नाकारली आणि बातमी पसरली तर तो नुसता एक जाडजूड चाळिशीतला माणूस. तालमीत हे असं नसतं. तिथे पैलवान थकला की वस्ताद होतो, त्याची जागा आखाड्याच्या कडेला तयारच असते आणि पोरं त्याच्या पाया पडून मातीत उतरतात. या नव्या खेळात तशी कडा अजून कुणी बांधलेली नाही. निदान आमच्याकडे नव्हती.

नवव्या दिवशी कोच त्याला घेऊन बाहेर पायरीवर बसला. पाऊस पडत होता. मी आतून ऐकत होते. कोच पेडण्याचा, त्याच्या आजोबांकडे धिरयोचा, म्हणजे बैलांच्या झुंजीचा, बैल होता. उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये धिरयो बंद केली तेव्हा कोच शाळेत होता. तो म्हणाला, "पैलवान, बैलांचे हाल होत, बंद केली ते बरंच झालं. पण एक गोष्ट आजोबा पाळत. बैलाने पाठ फिरवली की संपलं. त्याला ओढून परत आणत नसत. तुमचं अंग दोनदा पाठ फिरवून गेलं. आता मी तुम्हाला ओढून नेणार नाही. तुम्ही गेलात तर कोपऱ्यात उभा राहायला दुसरा माणूस शोधा."

पैलवान उठून निघून गेला. दहावा दिवस तो आलाच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा तेव्हाचा होकार नसता तर दुसरा नॉकआउट झाला नसता, हे डोक्यातून जात नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी तो आला आणि म्हणाला, "न्हाई म्हणून सांगितलं." काय झालं ते त्याने नंतर सांगितलं. मुलीने घरी पट्टीचा खेळ घेतला होता. तिने सोडली, त्याने पकडली. मग त्याने सोडली, तिने पकडली. मग बायकोनेही पकडली. घरात सर्वांत मागे तोच होता.

आयोजकाला दोन दिवसांत दुसरा माणूस मिळाला. तोही चाळिशीच्या घरातला. लढतीच्या रात्री आम्ही ती जिममध्ये फोनवर बघितली, पहिल्या फेरीत संपली. पैलवान स्क्रीनकडे न बघता मोडलेला कान चोळत बसला होता.

कागद

त्यानंतर आम्ही एक पानभर लिहून काढलं आणि जिममधल्या प्रत्येक लढवय्याने त्यावर सही केली. हंगाम सुरू होण्याआधी सगळ्यांची पट्टी, रेषेवरची चाल आणि एका पायावरचा तोल मोजायचा, नोंद ठेवायची. नॉकआउटनंतर तीन महिने डोक्याला स्पर्श नाही आणि परतताना ताकदीबरोबर या तिन्ही गोष्टी जुन्या आकड्याजवळ यायला हव्यात. वर्षभरात दोन नॉकआउट झाले तर लढती बंद. घरातल्या एका माणसाचं म्हणणं दर वेळी वेगळं बसून ऐकायचं. हे सगळं फोन येण्याआधी ठरलेलं असतं, हाच त्या कागदाचा उपयोग. फोन आल्यावर पैसे दिसतात, चवथ दिसते, फी दिसते, व्हिडिओ दिसतात. तेव्हा कुणालाच नीट ठरवता येत नाही, मलाही आलं नव्हतं.

हा कागद आमच्या शेडपुरता आहे. कुणी लढवय्या उद्या दुसऱ्या जिममध्ये गेला की तो तिथे लागू नाही. आयोजकांनी निदान आपसांत नॉकआउटच्या तारखा कळवाव्यात असं मला मनापासून वाटतं. त्याला पैसे पडत नाहीत.

फीचे पैसे बायकोने भिशीतून उचलले, ते अजून फिटताहेत. कोचने शेडच्या मागच्या बाजूला माती टाकून छोटा आखाडा केला. पैलवान सकाळी तिथे पोरांना एकेरी पट, ढाक, कलाजंग शिकवतो. फीमधून मिळणारे पैसे त्या एका लढतीच्या मानधनाजवळ जायला वर्ष लागेल. पोरं त्याला अजून वस्ताद म्हणत नाहीत, पैलवानकाका म्हणतात. क्लबचा मालक गिऱ्हाइकांना अजून "आमचा फायटर" म्हणूनच ओळख करून देतो, आणि पैलवान ते खोडत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अबुधाबीला ॲस्पिनॉलची पूर्ण विजेता म्हणून पहिली लढत सिरिल गानशी झाली. आम्ही सगळे बघायला बसलो होतो. पहिल्याच फेरीत गानचं बोट डोळ्यात गेलं, ॲस्पिनॉलला पुढे लढता येईना आणि लढत निकालाविना संपली. पोरं हळहळली. पैलवान म्हणाला, "आता पुन्हा म्हाताऱ्यांना फोन जातील."

गेल्या महिन्यात त्यालाही आला. वेगळा आयोजक, वेगळं शहर, तेच वाक्य. संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि अंगठा-बोट उघडून हात पुढे केला. मी म्हटलं, पैलवान, कागदाप्रमाणे आता पट्टीचा प्रश्नच उरत नाही. त्याने हात मागे घेतला नाही. मी पट्टी काढली आणि पाच वेळा सोडली. २१ आले.

"सुधारलंय," तो म्हणाला.

"सुधारलंय," मी म्हटलं, आणि वहीत तारीख घालून लिहिलं. मागच्या आखाड्यातून पोरं हाका मारत होती. तो उठला. फोन टेबलावरच राहिला होता, तो घ्यायला मुलगी अर्ध्या तासाने आली.